नीरोच्या मानेवरची खूण

४ सप्टेंबर २००६, एडिनबरा
पोचलो एकदाचे! कुशलला हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रारची पोस्ट, आणि मला, चार महिने अर्ज पाठवून पाठवून, एका छोट्या खासगी म्युझियममध्ये नोकरी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुकरची बॅग वर आणताना नवरोबा प्रत्येक जिन्यावर बसकण मारत होते. स्वयंपाकघरातून समुद्राची एक पट्टी दिसते. छान जाणार हे वर्ष.

७ सप्टेंबर
काम आवडलं. क्युरेटर मोइराबाई साठीच्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांच्याकडे रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातली बावीस ब्राँझची पदकं आहेत, पुरीएवढी. त्यांवर जुन्या सम्राटांचे चेहरे, सगळे एका बाजूने दिसणारे. त्यावर मागाहून कुणी सुईनं ख्रिस्ती खुणा ओरखडल्यात. कुठे खजुराची फांदी, कुठे फुलीवर उभा ‘पी’, म्हणजे ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरं. एकेक ओरखडा मायक्रोस्कोपखाली बघून मी कागदावर उतरवते. दिवस कसा जातो कळत नाही.

१५ सप्टेंबर
आज नीरो. फुली आणि पी नेमके मानेवर, खोलवर. घरी आले तर कुशलच्या मानेवर बारीक फुली. दाढी करताना लागलं म्हणाला.

१८ सप्टेंबर
फुलीवर ‘पी’ उमटलाय. माझं चित्र शेजारी धरून बघितलं. तंतोतंत तेच. कुशल हसला. “आशू, कामाचं डोक्यातून काढ जरा.”

२३ सप्टेंबर
ताप उतरत नाही. जखमेच्या कडा हिरवट, तांब्याचा वास. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. आता तो हसत नाही.

२६ सप्टेंबर
आमच्या कामात याहून मोठं पाप नाही, पण केलं. नीरोच्या मानेवरची खूण घासून काढली. पार पुसली.

२७ सप्टेंबर
ताप गेला! मान स्वच्छ! दोनदा वरणभात मागून घेतला. मी मोरीत जाऊन रडले.

२८ सप्टेंबर
मोइराबाईंना कळलं. ओरडल्या नाहीत. पांढऱ्या पडल्या. म्हणाल्या, तुझ्या आधी या कामावर होता त्या माणसानंही एक खूण पुसली होती, बायकोसाठी. तो सांगायचा की पदकात जे कोंडलंय ते त्या खुणांनीच आत राहतं. बाईंना वाटलं होतं, त्याचं डोकं फिरलंय. त्याच्या बायकोचं काय झालं विचारलं, तर त्यांनी नीरोचं पदक रुमालाखाली झाकलं.

३० सप्टेंबर
कुशल खुर्चीत ताठ बसून असतो. उजवा गाल माझ्याकडे. पापणी लवत नाही. ताट पुढे ठेवलं, रात्री तसंच उचललं.

१ ऑक्टोबर
म्युझियममध्ये जाऊन खूण परत कोरली. सुई चालते, रेघ उमटते, आणि मिटते. पाण्यावर ओढल्यासारखी. सात वेळा केलं. बाई दारात उभ्या राहून प्रार्थना करत होत्या.

२ ऑक्टोबर
खुर्चीभोवती फिरले. कुठूनही बघा, उजवाच गाल. तो वळत नाही. मी पाहिलंय, तो वळत नाही—

हात लावला. गार.

३ ऑक्टोबर, दुपार
त्याच्या पलीकडे कपाटाचा आरसा टेकवला. डावी बाजू दिसली.

गाल नाही. डोळा नाही. सपाट. हिरवं. आणि त्यावर सुईनं, ताजं, अजून ओरखडलं जातंय— देवनागरीत— माझं ना