फलकावरील फोन कोणीच उचलत नसल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
नवजोम क्रीडांगण न्यास,
मालेगाव, जि. वाशीम.

विषय : बॅडमिंटन कोर्टाच्या ऑनलाइन बुकिंगवरील जादा शुल्क व फोनवरील मोफत बुकिंगच्या नावाखाली चाललेला प्रकार.
संदर्भ : आपल्या फाटकावरील निळा फलक.

महोदय,

अर्जदार इंद्रभान भगवंतराव घुगे, रा. मेडशी, व्यवसाय शेती, सविनय कळवतो की त्याची मुलगी राधिका हिला जिल्हा निवडीच्या सरावासाठी सकाळी सहाची वेळ लागते. फलकानुसार ऑनलाइन बुकिंगला दर वेळी शुल्क, फोनवर काहीच नाही. अर्जदाराने साहजिकच फोन लावला. घंटी वाजते, आपोआप कटते, पलीकडून हूं की चूं नाही. लोकांनी झक मारत शुल्क भरावे म्हणूनच फोन मुका ठेवला आहे, हे अर्जदाराने तेव्हाच ताडले.

२. हा फोन आपले चौकीदार रामधन यांच्या ताब्यात असतो. त्यांचे शेत अर्जदाराच्या शेताच्या वरच्या अंगाला, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून आहे. धुऱ्याच्या वादावरून त्यांनी अर्जदाराशी बोलणे टाकले आहे. अलीकडे त्यांच्या विहिरीवरील मोटर भलत्याच वेळी सुरू होते आणि पाणी अर्जदाराच्या फुलावर आलेल्या हरभऱ्यात शिरते. इकडे फोन उचलायचा नाही, तिकडे पीक बुडवायचे, हा दुहेरी डाव न समजण्याइतका अर्जदार खुळा नाही.

३. म्हणून रविवारी अर्जदाराने बसथांब्यावर गावकऱ्यांना आवाहन केले, की प्रत्येकाने जमेल तेव्हा फलकावरील क्रमांकावर फोन लावावा, कधी तरी उचलतीलच. मेडशीकरांनी ते फारच मनावर घेतले. सोमवारी हरभऱ्यात घोटाभर पाणी होते.

४. मंगळवारी राधिका अर्जदारासोबत धुऱ्यावर उभी होती. अर्जदाराने सवयीने फोन लावला आणि मोटर सुरू झाली. रागाने पुन्हा लावला, तर बंद झाली. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमीच मोटर चालू करून राह्यले."

रामधन यांना विचारता त्यांनी कबूल केले, की ऑनलाइन आल्यापासून फोनवर कोणी येईना, न्यासाचा रिचार्ज मात्र चालूच. म्हणून त्यांनी ते सिमकार्ड विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये टाकले. घरबसल्या रिंग दिली की मोटर सुरू, पुन्हा दिली की बंद. आपली मोटर इंद्रभानच चोरून चालवतो, असा त्यांना पहिल्यापासून संशय होता. तो खरा निघाला, याचे अर्जदाराला फार वाईट वाटते.

५. अर्जदाराने गावकऱ्यांना फोन थांबवण्यास सांगितले. त्यावर इंद्रभानने न्यासाशी तोडपाणी केले अशी बोलवा उठली, आणि लोक आता दुप्पट जोमाने फोन लावत आहेत. खुद्द अर्जदाराची पत्नी सोजरबाई हिने जेवण वाढता वाढता विचारले, "खरं सांगा, काय देलं तुमाले त्यायनं?" अर्जदार त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठला.

६. रामधन म्हणतात, सिम न्यासाचे आहे, लेखी आदेशाशिवाय काढणार नाही. टाकताना आदेश लागला नव्हता, हे नमूद करावे लागते.

७. दरम्यान राधिकेने अर्जदाराला न विचारता ऑनलाइन वेळ घेतली असून तिचा सराव नीट चालू आहे. त्यामुळे शुल्काचे आपण सवडीने पाहावे. सिमकार्ड मात्र आजच काढून घ्यावे व फलकावरील क्रमांक पुसावा. अजून हरभऱ्याच्या कडेच्या चार ओळी कोरड्या आहेत, तेवढ्या तरी वाचतील.

उत्तराच्या वाटेकडे व हरभऱ्याकडे डोळे लावून बसलेला,
इंद्रभान भगवंतराव घुगे
मेडशी, दि. १९ डिसेंबर २०२५

सोबत : फलकाचा फोटो, हरभऱ्याची दोन झाडे (ओली).

ता.क. : वरील मजकुराची खात्री करण्यासाठी कृपया त्या क्रमांकावर फोन लावून पाहू नये.