उत्तरेकडून उतरलेली हवा

प्रिय रविना,

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उचललास तरी मी काय बोलणार होतो? पण मेसेज तू बघतेस हे शेजारच्या हर्षदानं सांगितलं, म्हणून कागदावर लिहायला बसलोय. उद्या ती वरच्या टेकाडावर जाईल आणि रेंज आली की या कागदांचे फोटो काढून तुला पाठवील. अक्षर वेडंवाकडं आलंय. वर्गातल्या फळ्यावर कसं लिहायचो ते आठवून हे वाचू नकोस.

पाडा रिकामा आहे. भात-नागलीची कामं उरकली आणि नेहमीसारखी माणसं वीटभट्ट्यांवर, भिवंडीकडे निघून गेली. म्हातारी माणसं, थोडी पोरंबाळं आणि कोंबड्या एवढंच मागं राहिलंय. गेल्या वर्षी या दिवसांत तुषारनं बर्फाचा फोटो पाठवला होता, तो तुझ्या सासूबाईंनी पाड्यात दारोदार नेऊन दाखवला होता. "एवढी राख कुठून आली?" असं म्हाताऱ्या पुंजानं विचारलं, तर किती हसल्या होत्या त्या. "राख नाय रं, थंडीचं पानी हाय. माजा पोरगा त्याच्यात गाडी चालवतो."

तो गाडी चालवायचा, हेच मला सारखं आठवतं. आश्रमशाळेत तो माझ्या वर्गात शेवटच्या ओळीत बसायचा आणि भूगोलाच्या तासाला नकाशापेक्षा खिडकीतून डांबरी रस्ताच जास्त बघायचा. पुढं त्यानं जव्हार-नाशिक टेम्पो चालवला. मे महिन्यात इथल्या विहिरींचा तळ दिसायला लागला की भाडं सोडून खालून पिंपांतून पाणी भरून आणायचा. वळणावर हॉर्न वाजला की बाया हंडे घेऊन धावत सुटायच्या. तुमचं ठरलं तेव्हा लोक म्हणाले, नर्स झालेली पोरगी आणि ड्रायव्हर नवरा. तू मला म्हणालीस, बाबा, याच्यासोबत मी कुठंही जाईन. आणि झालं उलटंच. तू अमेरिकेत, मिसुरीच्या त्या दवाखान्यात लागलीस आणि तो तुझ्यामागं तिकडं आला. महिन्याभरात त्याला घरोघर किराणा पोहोचवायचं काम मिळालं. मला फोनवर म्हणाला होता, "सर, हितं रस्ते सरळ हायेत. झोप येते."

त्या दिवसाचं तू मला एकदाच सांगितलंस. मग इथं जो येईल त्याला मी ते सांगत राहिलो, आणि आता ते मला माझ्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. सकाळी ऊन होतं. आपल्याकडं दिवाळीत असते तशी हवा. शेजारची पोरं बिनबाह्यांच्या कपड्यांत सायकल फिरवत होती. थंडीची लाट येणार असं टीव्हीवर सांगत होते, पण ती संध्याकाळनंतर येईल असं म्हणत होते. तुषार पातळ जाकीट घालून निघाला. दुपारी वारा फिरला. आधी पाऊस आला आणि तो पडता पडताच रस्त्यावर गोठला. त्याची गाडी घसरून शेताकडेच्या खड्ड्यात गेली. मदत मागायला तुला आणि दुकानाला फोन केला, पण सगळीकडंच गाड्या अडकल्या होत्या. इंजिन बंद पडल्यावर तो लांब दिसणाऱ्या घराकडे चालत निघाला. अंगातले कपडे पावसानं भिजलेले. दुसऱ्या दिवशी त्या घराच्या कुंपणापाशी सापडला. घरात कोणी नव्हतंच, ती माणसं आपल्या लेकीकडे गेली होती.

हे सगळं तुझ्या सासूबाईंना मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "गुरजी, मला खरं सांगा. कोनी मारला त्याला?"

मी म्हटलं, कोणी नाही, थंडीनं गेला.

"हवेनं मानूस मरतो का? मी जन्मभर ह्या सूर्यमाळच्या डोंगरावर थंडीत ऱ्हायले. मी नाय मेले."

मग रोज दुपारी त्या आपल्या अंगणात यायच्या, ओट्याला टेकून बसायच्या आणि तेच विचारायच्या. मी आयुष्यभर हा धडा शिकवला, पण तो असा शिकवायची वेळ येईल असं कधी मनात आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं, पृथ्वीच्या अगदी टोकाला हिवाळ्यात कित्येक महिने सूर्यच उगवत नाही. तिथं हवा थंड होत जाते, जड होत जाते आणि साचून राहते. तिच्याभोवती खूप उंचावर एक जोरदार वारा गोल फिरत असतो, गुरांच्या वाड्याला कुंपण असतं तसा. तो जोरात फिरतो तोवर थंडी आत राहते. कधी वरची हवा एकाएकी तापते, त्या वाऱ्याचा जोर कमी होतो आणि तो वाकडातिकडा होऊन दक्षिणेला लोंबतो. मग ती थंडी तिथून निसटते आणि ज्या मुलखात माणसं सकाळी पातळ जाकिटात बाहेर पडलेली असतात तिथं येऊन पडते. ऊन असलेल्या गावात एका दिवसात ध्रुवावरची हवा. तिकडचे मोठे डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेत. तिला आडवं येईल असं मधे काही नाही, म्हणून ती थेट खाली उतरते. आपल्याकडं हिमालय आडवा आहे.

मग म्हणाल्या, "त्याचं कुंपन मोडलं, तर मंग ती सोडली कोनी?"

कोणी नाही, मी म्हटलं. अशी ती दर काही वर्षांनी सुटते. कोणाच्या हातात नसतं.

रविना, मी खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, हा विचार माझी पाठ सोडत नाही. एखाद्या ट्रकवाल्यानं धडक दिली असं सांगितलं असतं, तर शिव्या द्यायला त्यांना कोणीतरी मिळालं असतं. तुझ्यावर त्यांनी कधी बोल लावला नाही, हे मात्र मी तुला शपथेवर सांगतो. गावातल्या कोणीतरी सुनेचं नाव काढलं, तर उठून त्याला हाकलून दिलं. "ती पन तितं एकलीच हाय," म्हणाल्या.

तू त्यांना फोनवर सांगितलंस ना, की आई, मी त्यांना घेऊन येते, तुम्हाला तोंड दाखवते. त्या एका वाक्यावर त्या जगत होत्या. रोज विचारायच्या, निघाले का? मी सांगायचो, मयताचे कागद बाकी आहेत, तपासणी बाकी आहे, वादळामुळं विमानं बंद होती. प्रत्येक वेळी मान हलवायच्या.

त्याच दिवसांत त्यांनी चूल सोडून बाहेर, अंगणात झोपायला सुरुवात केली. गोधडी नको, शेकोटी नको. तुझी आई त्यांच्याकडे राहायला गेली. पांघरूण घातलं की त्या ते काढून टाकायच्या. मी रागावलो तर मला म्हणाल्या, "त्याच्यापाशी शेकोटी होती का, गुरजी? मला बघू दे कसं वाटलं त्याला." या वर्षी इथंही गारठा फार पडला. पहाटे गवत पांढरं दिसायचं. आम्ही त्यांना उचलून घरात आणायचो, डोळा लागला की त्या परत बाहेर. तुझी आई शेवटी त्यांना मिठी मारून अंगणातच झोपू लागली. दोघींवर मी घोंगडी टाकायचो. तिला मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग खोकला सुरू झाला, ताप चढला. जीप करून मोखाड्याच्या दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालंय, म्हणाले. डॉक्टरांनी केलं तेवढं केलं. खाटेवर त्यांना कांबळं घातलं, तेव्हा हात वर उचलायची ताकदही राहिली नव्हती, म्हणून ते अंगावर राहिलं.

परवा सकाळी तुझ्या सासूबाई गेल्या, पोरी. हे सांगायलाच इतकी पानं खर्च केली. नवशा भिवंडीहून आला, भाच्याच्या नात्यानं त्यानंच अग्नी दिला. त्यांचं घर बंद केलंय, कोंबड्या आपल्याकडं आणल्यात. तू तुषारला घेऊन घाट चढून येशील आणि दाराला कुलूप बघशील, तसं तुला कळायला नको, म्हणून हे लिहिलं. त्याचं तोंड जिला बघायचं होतं ती आता नाही. तेव्हा त्याला तिथंच अग्नी दिलास तरी इथं तुला कोणी काही बोलणार नाही. मी बोलू देणार नाही. आणि आणायचंच असेल तर कळव, मी मुंबईला विमानतळावर येऊन उभा राहतो. दोन्हीतलं बरं कोणतं, हे आजवर मी तुला सांगितलं असतं. या वेळी मला कळत नाही.

तुझाच,
बाबा