घोड्याचा रुमाल

रविवार, १४ तारीख
सकाळी दहा

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर का झाला ते पुढे येईलच. गुडघा ठीक आहे. म्हणजे जिना चढताना मी त्याला शिव्या घालते आणि तो मला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा पाणी सांडवलं, छताला डाग पडला. मी वर जाऊन काय ते बोलून आले. आता त्या जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघत उतरतात.

तुझी लेक गुरुवारी नातीला घेऊन आली होती. पोरगी थेट तुझ्यावर गेली आहे, बसल्या जागी दहा प्रश्न. पडलेला दात कागदात गुंडाळून मला दाखवायला आणला होता. म्हटलं, "छान आहे. आता घरी घेऊन जा."

दुसरी बातमी. आपलं ते काऊबॉयचं कार्टून पुन्हा थिएटरात लागणार आहे. जुनी रिळं सापडली, ती आता कॉम्प्युटरवर एकेक चित्र धुऊन-पुसून नवी करतायत. त्या कामावर एक चुणचुणीत मुलगी आहे. आपल्या जुन्या स्टुडिओतलं हयात कोण, याचा शोध घेत ती माझ्या दारात आली. चष्मेवाले दिग्दर्शक गेले, मालक गेले, उरले मी. मला बघून इतकी हरखली की मीच जुनं रीळ आहे असं वाटलं.

गेला महिनाभर ती दर गुरुवारी लॅपटॉप घेऊन येते, आणि तुझं पत्र तसंच पडून राहिलं. मी रंग सांगते, ती लिहून घेते. तो लांबुळका रंगविभाग, खिडकीकडची टेबलं, सुकायला लावलेल्या पारदर्शक शीटांच्या मांडण्या, सगळं डोळ्यांपुढे येतं. पांढरे हातमोजे, अंगठा आणि दोन बोटं कापलेली. शीटच्या मागच्या बाजूने रंगवायचं, म्हणून आधी डोळ्यातला ठिपका आणि मग डोळा. नव्या मुली उलट करायच्या आणि रडायच्या. तू पहिल्या दिवशीही उलट केलं नाहीस. आपल्यापैकी कुणी वाळवंट पाहिलं नव्हतं, घोड्यावर तर सोड, घोड्याजवळही कुणी गेलं नव्हतं. तरी तू निवडुंगाला अशी सावली दिलीस की चष्मेवाले म्हणाले, "ही पोरगी तिकडे राहून आली आहे की काय?"

मला तेव्हा बरं वाटलं होतं. थोडं बोचलंही होतं. विभागप्रमुख मी होते, आणि हात तुझा चांगला होता. एकोणीस वर्षांची होतीस.

आता मुद्द्यावर येते. किती वेळ छताच्या डागावर लिहिणार?

परवाच्या गुरुवारी नदीचा प्रसंग निघाला. म्हातारा घोडा त्या हरवलेल्या मुलीला पाठीवर घेऊन नदी पार करतो आणि अलीकडच्या काठावर येतो, तो. ती लॅपटॉपवाली मुलगी म्हणाली, "आजी, हे बघा. घोड्याच्या गळ्यातला रुमाल सगळीकडे लाल आहे. फक्त इथे, एकशे बारा चित्रांत, मातकट. चूकच आहे ना? लाल करून टाकू? एका दिवसाचं काम आहे."

मी म्हटलं, "टाक करून."

"झालं कसं असेल हो?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाले, "एक नवीन मुलगी होती. रंगांचं कार्ड न बघता रंगवलं तिने."

बेचाळीस वर्षांनी, सगळे मेल्यावर, कुणी गळ्याला सुरी लावलेली नसताना मी पुन्हा तेच बोलले. आणि तुला 'एक नवीन मुलगी' म्हणाले.

तुझी नात शेजारी बसून दात चाचपत होती. ती एकदम खेकसली, "चूक नाहीये! तो आत्ता नदीतून आलाय ना? कपडा भिजला की काळपट होतो. माझ्या आजीने सांगितलंय."

मी विचारलं, "तू हा सिनेमा पाहिलायस?"

"आजीकडे त्याची सीडी आहे की. प्रत्येक सुट्टीत बघतो आम्ही. तो पुढे वाळतो आणि मग परत लाल होतो."

तुझी लेक स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. तिला म्हटलं, "तुझ्या आईने रंगवलाय हा घोडा." ती हसली. "आईने? मावशी, आई सुईदोऱ्याशिवाय काही हातात धरत नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय."

म्हणजे तू घरात कुणालाही सांगितलं नाहीस. आणि माझी चूक मात्र पोराबाळांपुढे नदीच्या पाण्यात बुडवून झाकत राहिलीस.

मी चहा प्यायले नाही. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून सगळ्यांना वाटेला लावलं.

आता नीट क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणी वाचलं तरी शंका राहू नये. नदीचा प्रसंग आधी संध्याकाळचा होता. संध्याकाळी लाल रुमालाला मातकट रंग, तसं कार्ड मीच लिहिलं होतं. मग चष्मेवाल्यांनी तो प्रसंग दुपारचा केला. मी त्या हरवलेल्या मुलीचं कार्ड बदललं, घोड्याच्या अंगाचं बदललं, खडकांचं बदललं. रुमालाचं राहिलं. तू शीट घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. "ताई, भर दुपारी रुमाल असा कसा?" मी मान वर केली नाही. म्हणाले, "कार्डावर आहे ते रंगव. डोकं चालवायला मी बसले आहे."

तू रंगवलंस. एकशे बारा.

पडद्यावर बघताना मालक ओरडले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मला अजून आठवतं. त्यात तक्रार नव्हती, मी आता बोलणार याची खात्री होती. मी म्हणाले, "हिने कार्ड बघितलं नसेल." मालक तुला म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता, ती एकशे बारा चित्रं तशीच सिनेमात राहिली.

इथवरचं तुला माहीत आहे. पुढचं नाही. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ते कार्ड फाडलं आणि त्या जागी लाल रंगाचं नवं लिहून लावलं. जुनी तारीख घालून. कुणी तपासलं असतं तर तूच खोटी ठरली असतीस. कुणी तपासलं नाही. माझ्या शब्दावर सगळ्यांचा विश्वास होता. घरी आईला मी सांगितलं, हिचं कामात लक्ष नाही. तू समोर ताटं मांडत होतीस. मांडत राहिलीस.

त्यानंतर तू ब्रश धरला नाहीस. मी तुला दर पत्रात तब्येत विचारली, ब्रशचं कधी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या लॅपटॉपवाल्या मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं, फाडलेल्या कार्डासकट. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "आजी, मग रुमालाचं काय करू?" मी म्हटलं, "हात लावू नकोस. भिजलाय तो. पुढे वाळतो."

तुझ्या नातीपुढे माझं काही चालणार नव्हतं, हे एक. आणि ती एकशे बारा चित्रं तू अगदी नीट रंगवली आहेस. मी मोठी करून पाहिली. एकातही रंग रेषेबाहेर गेलेला नाही. कामावरून काढलेल्या मुलीचं ते शेवटचं काम आहे, ते पुसायचा अधिकार मला नाही.

सिनेमाच्या शेवटी कामगारांची यादी येते. रंगविभागात अकरा नावं आहेत, तुझं नाही. मालकांनी काढायला लावलं आणि यादी तपासून सही मी केली. आता नवी यादी होते आहे, त्यात तुझं नाव जाणार. माहेरचं घालायचं की सासरचं, एवढं या महिनाअखेरीपर्यंत कळव. फोन केलास तरी चालेल. बाकी काही न बोलता नुसतं नाव सांगून फोन ठेवलास तरी चालेल. काहीच कळवलं नाहीस तर माहेरचं घालीन, कारण तेव्हा तू ते नाव लावत होतीस.

तुझ्या घरच्यांना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांनी मला विचारलं तर मी खरं सांगेन.

पहिला खेळ पुढच्या महिन्यात आहे. तिकिटं दोन सांगून ठेवली आहेत, तुला आणि नातीला. मी तुमच्या शेजारी बसायचं की मागे कुठे, तेही कळव. नकोच म्हणालीस तर मी दुसऱ्या दिवशी एकटी बघेन. त्याचं वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते. पण खोटं पुरे झालं.

ते कार्ड लिहिणारी,
तुझी ताई