भरलेली बंदूक कोणती?

वसंताचे बाबा,

पाच बंदुका माह्या गळ्यात टाकून निघून गेले, अन् त्यातली भरलेली कोणती, एवढंही सांगून गेले नाही! दुसरी शिकलेल्या बाईनं नवऱ्याले काय कागद लिहावा? पण सोमवारपर्यंत बंदुका बुलडाण्याच्या ठाण्यात जमा करायच्या हायेत. लायसन तुमच्या नावावर, अन् तुम्ही नाही. म्हणून लिहून राह्यले.

लोकं मोताळ्याच्या बाजारातून बैल आणत, तुम्ही बंदुका आणल्या. इंग्रजांच्या पलटणीच्या, शंभर वर्सांच्या, नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायच्या. देऊळगाव राजाहून एक लुगड्यात गुंडाळून आणली, तर मले वाटलं माह्यासाठी लुगडं आणलं! किती हसले होते तुम्ही.

दर खंडेनवमीले पाचांची पूजा. एक भरायची, दसऱ्याले शिवेवर जाऊन वाजवायची. भरलेलीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचत होते, कोणी चुकून हात लावू नये म्हणून.

मागच्या खंडेनवमीले फूल खोचलं, पाटावरून उठले, अन् छाती धरून तिथंच बसले. पुन्हा एक शब्द बोलले नाही.

सुतकात घरात फुलं कशी ठेवावी? पूजा मीच मोडली. माळा, कुंकू, झेंडू, सगळं परातीत भरून नदीत सोडलं. पाची बंदुका पुसून खुंट्यांवर टांगल्या. ते फूल कोणत्या नळीतून काढलं, आठवत नाही हो! तेव्हा डोळ्याले काही दिसत होतं काय?

वर्स होत आलं, पोरांले त्या भिंतीजवळून जाऊ देत नाही.

काल धाकले भाऊजी बंदुका गाडीत घालायले आले. म्हणे, "वहिनी, म्हाताऱ्या झाल्या ह्या. आता वाजत नाहीत, नुसत्या खोकतात!" अन् नळीले डोळा लावून पाहू लागले. असा फटका हाणला हातावर! म्हटलं, "घरातला एक गेला, तो पुरे नाही झाला काय?" संग आलेला ठाण्याचा शिपाई म्हणाला, ठासायचा गज नळीत घालून पाहा, भरलेलीत कमी जाईल. "तुम्हीच घाला बाप्पा," म्हटलं, तर टोपी सावरत उंबऱ्याबाहेर.

आतली दारू भिजवायले पाणी केव्हाच ओतलं असतं. पण ओल्या हातानं शिवलं तरी तुम्ही दिवसभर माह्याशी बोलत नव्हते. पोरांच्या डोक्याले कधी तेल लावलं नाही, ह्यांले मात्र तिळाचं!

सपनात या, नाही तर कसेही या, पण रविवारपर्यंत सांगा. सांगितलं तर पाणी एकीतच ओतीन. बाकीच्या चार आपल्या हातानं तेल लावून, फडक्यात गुंडाळून पाठवीन, हे वचन. नाही सांगितलं तर सोमवारी सकाळी पाचांच्याही तोंडात घागर रिकामी करीन. मंग गंज चढला म्हणून रुसायचं नाही.

कोणती? रविवारपर्यंत.

तुमची
गिरजा