रुद्रप्पाशी राहिलेला डाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी आमच्याकडे रुद्रप्पाशी बुद्धिबळ. त्याचा नुसता राजा उरला, तोही कोपऱ्यात. माझ्याकडे राजा, उंट आणि कडेच्या पट्टीतलं प्यादं. म्हणजे विजय. फक्त अंमलबजावणी बाकी.

रुद्रप्पा म्हणाला, बुर्जी झाली. एकटा राजा उरला की डाव बरोबरीत, वडलांपासून असंच खेळतोय की आपण. त्याला सांगितलं, आंतरराष्ट्रीय नियमांत बुर्जी नाही. मी हा खेळ कुणाच्या हाताखाली नाही, पुस्तक आणि डिक्शनरी घेऊन शिकलोय. नियमात सूट नाही.

जाताना जिन्यावर थांबला. म्हणाला, वेण्या, शुक्रवारी हार्टचं ऑपरेशन हाय. तेवढं बरोबरी म्हण, म्हंजे मी मोकळा.

म्हटलं, बरा होऊन ये, मात करून दाखवतो.

यशोदा म्हणाली, एक शब्द बोलून तुम्ही काही झिजला नसता. तिला बुद्धिबळ कळत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

ठराव: डाव संपेपर्यंत पट हलणार नाही. तो जेवणाच्या टेबलावर आहे, त्यामुळे खाली बसून जेवलो. यशोदाची गुडघ्यांबद्दल तक्रार. गुडघ्यांना व्यायाम हवाच.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये हीच स्थिती मांडून पाहिली. ॲप म्हणतं, बरोबरी. फुकटचं ॲप. डिलीट केलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी ७.१०

हॉस्पिटलमधून रुद्रप्पाचा फोन. म्हणतोस का? मी म्हटलं, आधी घरी ये. हसला. म्हणाला, लई चिवट हाईस रं. मग रेंज गेली. मीच कट केला असं यशोदाचं म्हणणं.

भेटायला गेलो नाही. पेशंटची उत्तेजना वाढवू नये. शिवाय डाव अर्धवट असला की माणूस परत येतोच.

८ फेब्रुवारी, रविवार

रुद्रप्पा काल पहाटे गेला.

मातीला जाऊन आलो.

पट आहे तसा आहे. उंट घराच्या बरोबर मध्ये नव्हता, तेवढा सरकवला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रुद्रप्पाच्या घरी, काशम्मांना भेटायला. त्या म्हणाल्या, भावजी, आत नेताना ह्यांचं तेच चाललं हुतं. वेण्याला सांग, तू जिंकलास. आता पट उचल म्हनावं, वहिनीचे गुडघे दुखत्यात.

यशोदा हॉस्पिटलात जाऊन आली होती, हे मला आज कळलं.

निकाल अधिकृतपणे माझ्या बाजूने. पण दया म्हणून दिलेला विजय मी घेत नाही. मात करूनच घेईन. काशम्मांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं भावजी, आणि रडू लागल्या. आता त्यांना तांत्रिक बाजू कशी समजावणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. त्याची चाल आली की उठून त्याच्या खुर्चीत. प्रामाणिकपणे, त्याच्यासारखाच खेळलो.

माझा उंट पांढऱ्या घरांवरचा. कोपऱ्यातलं घर काळं. तिथल्या राजाला उंटाचा शह कधी लागतच नाही. हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, फक्त महत्त्व दिलं नव्हतं.

बऱ्याच वेळा उलटसुलट करून पाहिलं. शेवटी प्यादं त्याच्या राजाच्या नाकासमोर नेलं. त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. आंतरराष्ट्रीय नियमानेसुद्धा बरोबरी.

माझ्या खुर्चीत परत आलो. बरोबरी, असं मोठ्याने म्हणालो आणि पटावरून हात पुढे केला.

यशोदा दारात उभी होती. तिने विचारलं, काय हवंय?

म्हटलं, चहा.

तिने करून आणला, हातात दिला. दुपारचा चहा मी कधीच घेत नाही. घेतला.