जिनातली रुई अन् वरचा सूर

अकोला, पौष

सौ. जयवंताले गोवर्धनचा आशीर्वाद.

मी बरा आहो. मायचा गुडघा कसा आहे? वांगे निघाले काय?

जिनात सरकी काढताना रुई उडते, तिनं घसा बसून राहिला. परवा भजनात वरचा सूर लावला अन् आवाजच फाटला. पेटीवाल्या किसनरावानं कडवं सांभाळलं. मंग म्हणे, "जिन सोड, नाहीतर गाणं सोड."

घर पाहता जिन सुटत नाही. आज मुकादमाले म्हटलं, "मले बाहेर कापसाच्या गाड्या खाली कराले लावा." त्यानं लावलं. काम जड आहे, पण हवा मोकळी आहे.

आवाज परत येते का नाही, ठाऊक नाही. संक्रांतीच्या भजनाले तू ये. सुनेनं चारचौघांत गाणं मायले पटत नाही, तिले मी समजावतो. जात्यावर धरते तसा वरचा सूर तू धर, मी खाली गाईन.

वाट पाहणारा,
गोवर्धन