होरेसच्या विरोधात बिनविरोध

२० मार्च, सोमवार
ठरलं. उभा राहतोय. मार्शवेल जिल्हा परिषद, ऑटरबी वॉर्ड, जागा एक. माझी चौथी खेप. मागच्या तिन्ही वेळा होरेस ट्विगडेन निवडून आला तो फक्त लोकांना त्याची सवय झालीय म्हणून. सवय म्हणजे लोकमत नव्हे. हे म्युरिएलला ऐकवलं. ती म्हणाली, चार वर्षांपूर्वीही हेच वाक्य होतं. याला वैचारिक सातत्य म्हणतात, हे बायकोला कोण सांगणार.
संकल्प: रोज वीस घरं. चालत.

२१ मार्च
पाऊस. घरं उद्यापासून.

४ एप्रिल, मंगळवार
अर्ज भरला. वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. एक म्युरिएलची. दुसरी, दर वेळेप्रमाणे, होरेसची. त्याच्या फाटकाशी उभ्या उभ्या, गुडघ्यावर कागद ठेवून केली. समोर कुणी नसेल तर निवडणुकीत काय गंमत, म्हणाला. माझ्या कंबरेची चौकशी केली आणि परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची जुडी दिली.
म्युरिएलला यात काहीतरी केविलवाणं वाटतं. मला विचाराल तर हा डाव आहे. शत्रू बेसावध राहतो.

११ एप्रिल, मंगळवार, सायं. ५
सहा घरं झाली. सहापैकी चार जणांना मी कधी ना कधी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास केलेलं निघालं. एकतीस वर्षं परीक्षक होतो, त्याला माझा इलाज नाही. बेकरीवाल्याने तर दारातच विचारलं, आरसा बघून आलात ना. हसलो. मग त्याची गाडी फुटपाथवर चढवून लावलेली दिसली, तेव्हा बोलावंच लागलं.
संकल्प: मत मागताना कुणाच्या पार्किंगबद्दल बोलायचं नाही.
होरेसलाही मीच तीनदा नापास केलंय, गाव अजून ते धरून आहे. पण रस्त्यात दिसेल त्याला हा माणूस स्टिअरिंगवरून हात काढून नमस्कार करायचा. एकदा तर दोन्ही हात. लायसन्स त्याला मिळालंच नाही. त्यामुळे दर मतमोजणीनंतर निवडून आलेल्या उमेदवाराला पडलेला उमेदवार आपल्या गाडीने घरी सोडतो. या वेळी निवडून आलेला उमेदवार पडलेल्याला सोडेल. तेवढं मन माझ्याकडे आहे.

१६ एप्रिल
होरेसचे फलक लागले. प्रत्येक कुंपणावर तेच हसू. माझे सात लागले, त्यातले दोन आमच्याच बागेत.

२२ एप्रिल, शनिवार
होरेसला हॉस्पिटलमध्ये नेलं. हृदयाचं काहीतरी. दोन दिवस त्याच्यावर टीका करायची नाही, असं ठरवलं. सभ्यता ही सभ्यता.

२६ एप्रिल, बुधवार
होरेस गेला. पहाटे. म्युरिएलला दूधवाल्याकडून कळलं.
शेडमध्ये जाऊन उरलेली पत्रकं नीट लावली. दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘श्री. ट्विगडेन आता थकले आहेत.’ ते बदलायला हवं.
म्युरिएल चहा घेऊन आली तेव्हा मी म्हणालो की भावना बाजूला ठेवून परिस्थितीचा विचार करायला हवा. ती कप ठेवून गेली.

२८ एप्रिल
परिषदेच्या ऑफिसातून व्हेरिटीबाईंचा फोन. उमेदवार वारला तर त्या वॉर्डाचं मतदान रद्द होतं. बाकी जिल्ह्यात चार मेला मतदान, आपल्याकडे जूनमध्ये. माझा अर्ज कायम. नव्यांना अर्ज भरायला तीन आठवडे. मी विचारलं, दिवंगत उमेदवाराचे फलक काढायची जबाबदारी कुणाची? बाईंनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाल्या, ज्याच्या कुंपणावर आहेत त्याची.
कुणी काढत नाहीये.

५ मे, शुक्रवार, रात्री ८
मतमोजणीला गेलो. आपल्या वॉर्डाची नव्हती, पण सवय. जिमच्या हॉलमध्ये टेबलं, मतपत्रिकांचे गठ्ठे, कोटावर पक्षाच्या रिबिनी लावून इकडून तिकडे फिरणारी माणसं. एकेका वॉर्डाचा निकाल लागला. कुणी रडलं, कुणी बायकोला फोन केला. भिंतीवरच्या यादीत ऑटरबीपुढे फक्त ‘तहकूब’.
होरेस गेल्याचं सगळे मलाच सांगत होते. माझा हात हातात घेऊन. जणू मी घरचा.
दुपारी बाहेर आलो. गाडीचं दार उघडलं, पण बसलो नाही. बराच वेळ पार्किंगमध्ये उभा होतो. ऊन होतं, वारा होता, गाड्या एकेक करून गेल्या. शेवटी चौकीदाराने येऊन विचारलं, कुणाची वाट बघताय का?
नाही म्हणालो. आणि तेव्हा कळलं की हो.
निघालो. वेशीवरून आत वळलो तशी गाडी पिप्‌ पिप्‌ करायला लागली. शेजारच्या सीटचा पट्टा लावा, असा लाल दिवा. सीटवर कुणी नाही. साधी टोपीसुद्धा नाही.
होरेसच्या फाटकापुढे आवाज थांबला.

८ मे
गॅरेज. मेकॅनिकने (दोनदा नापास, नीट न थांबता वळणे) सीट उपटून पाहिली. सेन्सर ठणठणीत आहे म्हणतो. मग हात पुसत म्हणाला की सेन्सरला वजन लागतं, उगाच नाही वाजत तो. पैसे घेतले नाहीत. हे मला आवडलं नाही.

९, १०, ११ मे
वाजलं. वाजलं. वाजलं. तिन्ही वेळा वेशीपासून फाटकापर्यंत. तांत्रिक बिघाड. म्युरिएलला अजून सांगितलेलं नाही.

१२ मे, शुक्रवार
अंत्यविधी. चर्च भरून लोक बाहेर गवतावर. मी मागे बसायचं ठरवलं होतं, पण होरेसच्या मुलीने, रोझलिंडने, हाताला धरून दुसऱ्या रांगेत नेलं. प्रतिस्पर्धी म्हणून बसावं की मतदार म्हणून, कळेना.
नंतर हॉलमध्ये सँडविचेस. प्रत्येकाकडे होरेसची एक गोष्ट. कुणाचं गटार, कुणाचा बसस्टॉप, कुणाच्या आईची व्हीलचेअर. मला म्हणाले, एडविन, तूही सांग. मी नमस्काराची सांगितली, दोन्ही हातांची. लोक खूप हसले. एवढे लोक माझ्या बोलण्यावर आजवर कधी हसले नव्हते.
बाहेर येऊन नाक पुसलं. परागांची ॲलर्जी. मे महिन्यात होतेच.

१३ मे
म्युरिएलला पिप्‌ पिप्‌बद्दल सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. ती उठून गाडीत जाऊन बसली, शेजारच्या सीटवर. गावाला फेरी मारली. ती होती तोवर वाजलं नाही. तिने पट्टा लावला होता, म्हणून, असं मी म्हणालो. ती म्हणाली, मग तूही लाव की त्याला.
मूर्खपणा.

१४ मे, रविवार
रिकाम्या सीटला पट्टा लावून ब्रेड आणायला गेलो. वाजलं नाही. निव्वळ तांत्रिक उपाय आहे, बाकी काही नाही. फाटकापुढे गाडी किंचित हळू केली, रस्ता अरुंद आहे म्हणून.

१७ मे, बुधवार
प्रचार पुन्हा सुरू. आता मैदान मोकळं, विजय अटळ. जून महिन्याचं भाषण लिहायला घेतलंय: ‘माझ्यावर टाकलेल्या प्रचंड विश्वासाने...’
मिसेस पीलच्या दारात उभा होतो. नव्वदीच्या आहेत, कुंपणावर होरेस, पावसाने चेहरा फिकट झालाय, हसू तेवढं राहिलंय. त्या गिरणीच्या वाटेवरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल बोलायला लागल्या. माझं उत्तर तयार होतं: हा विषय वरच्या काउंटी परिषदेचा, आपल्या जिल्ह्याचा नाही. तोंड उघडलं आणि म्हणालो, “बघतो, काय करता येतं ते.”
हे होरेसचं वाक्य. चोवीस वर्षं तो हेच म्हणत आला. आवाजसुद्धा थोडा त्याच्यासारखा आला, शेवटी खाली उतरणारा. म्हातारी गटार विसरली. माझ्या खांद्यावरून मागे, फाटकाकडे बघत राहिली. मी वळलो नाही.
घरी आल्यावर आरशासमोर माझ्याच आवाजात तीनदा म्हणून पाहिलं, हा विषय काउंटीचा आहे. तिसऱ्या वेळी बरं जमलं.

१८ मे
काउंटीला गटाराबद्दल फोन केला. सहज.

१९ मे
पुन्हा केला. ते म्हणाले, बघतो काय करता येतं ते.

२३ मे, मंगळवार, दु. १२
ईमेल. ‘ऑटरबी वॉर्ड. मुदतीत दुसरा अर्ज न आल्याने श्री. एडविन क्लॅग बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर करण्यात येत आहे.’
जिंकलो.
मतदान नाही. मोजणी नाही. हॉल नाही, रिबीन नाही. निकालाच्या तक्त्यात माझ्या नावापुढे, मतांच्या रकान्यात, एक आडवी रेघ. म्हणजे मला कुणीही मत दिलेलं नाही. मी स्वतःसुद्धा नाही.
अर्थ उघड आहे. माझ्यासमोर उभं राहायची कुणाची हिंमत झाली नाही. म्युरिएलला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि शेफर्ड्स पाय गरम करायला ठेवला.

२७ मे, शनिवार
रोझलिंड आली होती. अभिनंदन केलं. बसली, पण चहा तसाच गार केला. मी विनयाने म्हणालो की लोकांनी मैदान सोडून दिलं हा माझ्या कामावरचा विश्वास. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, ऑटरबीत तिघेजण अर्ज भरायला निघाले होते, एक तर बेकरीवाला. तिने तिघांच्याही घरी जाऊन त्यांना थांबवलं.
का, विचारलं.
“बाबांनी सांगितलं होतं. हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी. म्हणाले, एडविनला मिळू दे या वेळी, किती वर्षं वाट बघतोय. एकदा त्या मीटिंगांना बसला की सहा महिन्यांत आपणहून सोडेल.”
ती गेल्यावर बागेत जाऊन बसलो. म्हणजे हीही निवडणूक तोच जिंकला. गेल्यानंतर. मतदान रद्द झालेलं असताना.
म्युरिएल येऊन शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने फक्त विचारलं, तुला त्याची आठवण येते ना. मी म्हणालो, प्रश्न तो नाही.
संकल्प: पूर्ण चार वर्षं काढायची. एकही मीटिंग चुकवायची नाही. त्याला हरवायचा आता हा एकच मार्ग उरलाय.

१५ जून, गुरुवार
पहिली मीटिंग. विषय: कचऱ्याच्या नव्या डब्यांची झाकणं तपकिरी असावीत की गडद लाल. तीन तास. एक उपसूचना, उपसूचनेवर उपसूचना, मग चहा, मग तपकिरीची व्याख्या काय यावर वाद. मी होरेसच्या खुर्चीवर. खुर्चीला त्याच्या पाठीचा आकार आलाय. कसंही बसलं तरी माणूस त्याच्यासारखाच बसतो. मत द्यायची वेळ आली तेव्हा हात वर गेला तो कोणत्या रंगासाठी, हे अजून नक्की सांगता येत नाही. मतं सारखी पडली.
बाहेर पडताना व्हेरिटीबाईंना अगदी सहज विचारलं की समजा, कुणाला राजीनामा द्यायचा झाला तर काय करावं लागतं. त्या हसल्या. म्हणाल्या, दर मीटिंगनंतर याच दारात उभे राहून होरेस हेच विचारायचे.
मी थांबलो. मग सोडलं का नाही त्याने, विचारलं.
बाई किल्ल्या शोधत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “गेली बारा वर्षं एकच कारण सांगायचे. मी सोडलं तर एडविन येईल.”
म्हणजे घाबरून होता मला. वाटलंच होतं.
पुढची मीटिंग सहा जुलैला. झाकणांचा प्रश्न अनिर्णित.